ओट्याखालची दारे

आमच्या स्वयंपाकघरातील ओट्याखालच्या दारांचा मूळ रंग कोणता होता, या प्रश्नावर घरात आजतागायत एकमत झालेले नाही. पत्नीच्या मते तो बदामी होता, माझ्या स्मरणाप्रमाणे मोतिया, आणि १९९१ साली ज्या सुताराने ती दारे बसवली त्याच्या बिलात, जे मी अद्याप जपून ठेवले आहे, नुसता ‘क्रीम’ असा मोघम उल्लेख आहे. तीस वर्षांहून अधिक काळ जिरेमोहरीच्या फोडण्या, कुकरच्या वाफा आणि ओल्या हातांचे स्पर्श सोसून त्या दारांना जो वर्ण प्राप्त झाला होता, त्याला कोणत्याही शेडकार्डावर नाव सापडले नसते. मुठींभोवती तपकिरी, सिंकखाली करडा आणि शेगडीशेजारी चिकट पिवळा अशा त्याच्या तीन तऱ्हा झाल्या होत्या. सगळे काढून नव्या पद्धतीच्या ट्रॉल्या बसवाव्यात म्हणून चौकशी केली, तेव्हा जो आकडा कानी आला तो, हे सबंध घर आम्ही ज्या रकमेला घेतले तिच्या इतका निकट जाणारा होता की, तो विषय तिथेच तहकूब झाला. लाकूड शाबूत होते, बिजागऱ्या कुरकुरत असल्या तरी धरून होत्या. गेली होती ती केवळ कांती. तेव्हा दारांना रंग द्यावा असे ठरले, आणि त्या निमित्ताने रंग या विषयाची जी थोडीबहुत तहकीकात करणे भाग पडले, तिचा हा वृत्तान्त.

अशा प्रसंगी बहुतेक गृहस्थ जी चूक करतात तीच मीही केली, म्हणजे दुकानातून शेडकार्ड आणून आरामखुर्चीत बसलो. वस्तुतः शेडकार्ड उघडण्याआधी ओट्यासमोर उभे राहून, या खोलीतले काय काय बदलणार नाही, याची खातरजमा करावयास हवी होती. कायदा मालमत्तेची स्थावर आणि जंगम अशी जी विभागणी करतो, ती स्वयंपाकघराला तंतोतंत लागू पडते. ओटा स्थावर, भिंतीवरच्या टाइल्स स्थावर, कारण त्या उखडायच्या म्हणजे प्लॅस्टर, नळ आणि शेजाऱ्यांची दुपारची झोप या तिन्हींना हात घालणे आले, जमीन स्थावर, आणि खिडकी कोणीकडे उघडते हेही स्थावरच. दारांवरचा रंग तेवढा जंगम, आणि जंगमाने स्थावराशी जुळवून घ्यावे यातच खर्चाची बचत आहे. आमच्याकडे ओटा काळ्या कडप्प्याचा, टाइल्स फिकट पिवळट असून दर चौथ्या टाइलवर फळांची परडी काढलेली, जमीन मोझेकची आणि खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये उघडणारी. हा सगळा ऐवज डोळ्यांसमोर असताना मी मात्र शेडकार्डातील राखाडी रंगावर बोट ठेवले, कारण त्या सुमारास ज्याच्या त्याच्या घरी राखाडीचीच साथ होती.

दुकानात तो रंग थंड चुलीतील राखेसारखा शांत दिसला होता. घरी एका दारावर त्याचा पहिला हात फिरला आणि अर्ध्या तासात तिथे स्पष्ट जांभळट छटा उमटली. रात्री ट्यूबलाइटखाली तर ते दार कुणी जांभूळ चिरडून पुसल्यासारखे दिसू लागले. दुकानदाराने चुकीचा डबा दिला, अशी माझी पक्की समजूत झाली. डबा घेऊन मी तक्रार करायला गेलो. त्याने शांतपणे झाकण उघडून काडीभर रंग शेडकार्डावरच्या चौकोनाशेजारी लावून दाखवला, आणि दोहोंत तिळमात्र फरक नाही हे मला कबूल करावे लागले.

हाच खटला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिस येथे एकदा चालून गेला होता. गोबेलँ येथील राजकीय कारखान्यात भिंतीवर लावण्याचे चित्रपट विणले जात, आणि तेथील रंगाईखात्याचा प्रमुख म्हणून मिशेल यूजेन शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली होती. काळ्या सुताला उठाव येत नाही, निळ्याजांभळ्याच्या शेजारी ते फिके पडते, अशी तक्रार त्याच्यापुढे आली. त्याने सुताची कसून परीक्षा केली, आणि रंग निर्दोष असून तक्रारीचे मूळ पाहणाऱ्याच्या डोळ्यात आहे, असा निकाल दिला. दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला भेद वाढवून पाहतो आणि प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्याला स्वतःच्या विरुद्ध बाजूस ढकलतो, हे त्याचे प्रतिपादन १८३९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. (हा गृहस्थ पुढे पुरी एकशे दोन वर्षे जगला, आणि रंगाच्या धंद्यातल्या माणसाला एवढे आयुष्य लाभले याचे मला विशेष समाधान वाटते.) पिवळ्याच्या विरुद्ध जांभळा, हिरव्याच्या विरुद्ध तांबडा, सबब आमच्या पिवळट टाइल्सनी बिचाऱ्या निष्पाप राखाडीला जांभळ्याच्या दिशेने लोटून दिले होते. लुगड्याच्या अंगाचा रंग काठाशेजारी धरल्यावाचून पसंत न करणाऱ्या आमच्या आज्यांना हे शास्त्र शेव्ह्रलचे नावही न ऐकता अवगत होते. शेडकार्डाचे चौकोन मात्र पांढऱ्याशुभ्र कागदावर छापलेले असतात, आणि तसे पांढरेशुभ्र स्वयंपाकघर फोडणी देणाऱ्या घरात मी तरी पाहिलेले नाही.

शेजारानंतर उजेड. दिव्याच्या खोक्यावर केल्विन या परिमाणात एक आकडा छापलेला असतो, त्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. २७०० हा आकडा जुन्या पिवळ्या बल्बसारख्या उबदार उजेडाचा, तर ६५०० हा आपल्याकडे घरोघर लागणाऱ्या निळसर पांढऱ्या ट्यूबचा. पहिल्याखाली विटकरी, गव्हाळ, केशरी हे रंग खुलतात आणि निळे मळकट होतात. दुसऱ्याखाली निळे आणि करडे चढतात, आणि सकाळी गोड वाटलेला बदामी रंग रात्री आजारी दिसू लागतो. ज्या घरात दिवसाही दिवा लावूनच पोळ्या लाटाव्या लागतात त्या घराने रंग दिव्याखालीच पसंत करावा, किंबहुना आधी दिवा बदलून पाहावा. रंगाला दिलेला दोष पुष्कळदा दीडशे रुपयांच्या नव्या दिव्याने नाहीसा होतो. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही ती अशी की, ओट्याची कड दारांच्या पुढे आलेली असल्यामुळे खालच्या दारांवर दिवसभर तिची सावली असते, आणि वरच्या कपाटावर फिकट हिरवा दिसणारा रंग ओट्याखाली गेला की दोन पायऱ्या गडद होतो.

यावर उपाय एकच, आणि तो स्वस्त आहे. मनात भरलेल्या दोन किंवा तीन रंगांचे शंभर मिलिलिटरचे डबे आणावेत, जाड पुठ्ठ्याच्या हात-दीड हात लांबीच्या तुकड्यांवर प्रत्येकाचे दोन दोन हात द्यावेत, आणि वाळलेले पुठ्ठे टेबलावर आडवे न ठेवता जिथे रंग लागायचा त्याच दारावर उभे चिकटवून चार दिवस तसेच राहू द्यावेत. सकाळी चहाच्या वेळी, दुपारी उन्हाच्या कवडशात आणि रात्री दिव्याखाली, अशा तिन्ही प्रहरी जाता-येता नजर टाकावी. मात्र बोटभर चौकोनात सौम्य भासणारा रंग चौदा दारांवर पसरला की अधिक भडक वाटतो, हे ध्यानात ठेवून दोहोंपैकी जो किंचित मळकट असेल त्याला कौल द्यावा. आमच्याकडे या परीक्षेत मोरपंखी पहिल्याच रात्री बाद झाला आणि आमसुली दुसऱ्या दिवशी. तिसऱ्याविषयी पुढे सांगतो.

पांढऱ्याचा मोह पुष्कळांना असतो. खोली लहान आहे, उजेड कमी आहे, तेव्हा पांढरा देऊन टाका, असा सल्ला देणारे आप्त प्रत्येकाला असतात, आणि तो सल्ला अगदीच खोटा नाही. परंतु पारंपरिक ऑइल पेंटचा पांढरा काळाने पिवळतो, आणि गंमत अशी की, उजेडात कमी व अंधारात अधिक पिवळतो. म्हणून जुन्या कपाटाचे दार उघडले की बाहेरच्यापेक्षा आतली बाजू तुपासारखी झालेली दिसते. पाण्यात मिसळणारे इनॅमल आता सर्वत्र मिळते, त्याचा पांढरा बराच टिकतो आणि उग्र वासही येत नाही, तेव्हा पांढऱ्याचा हट्टच असेल तर चार पैसे अधिक देऊन ते घ्यावे. दुसरी हरकत हळदीची. पांढऱ्या दारावर हळदीचे बोट लागले आणि घाईने साबणाचा फडका फिरवला की डाग निघण्याऐवजी लालभडक होतो; ज्या क्षारगुणाने हळदीचे कुंकू करतात तोच इथे काम करीत असतो. हळदीचा रंग उन्हात उडतो हे खरे, परंतु ओट्याखाली ऊन कुठले आणायचे? गडद रंगही काही निर्वेध नव्हे. काळ्या किंवा गर्द निळ्या तकतकीत दारावर पिठाचा हात आणि नळाच्या पाण्याचे सुकलेले थेंब असे उठून दिसतात की, गृहिणीला दिवसातून चारदा पंचनामा केल्यासारखे वाटावे.

या वादाचा जुना आणि शहाणा तोडगा आपल्या सर्वांच्या नजरेखालून शेकडो वेळा गेलेला आहे. तहसील कचेरी, एस.टी. स्थानक, जिल्हा परिषदेची शाळा, सरकारी दवाखाना, कुठेही जा, भिंतीचा खालचा चार-पाच फुटांचा भाग गडद तैलरंगाचा आणि वरचा फिकट. त्यात सौंदर्यदृष्टी असते असा दावा मी करणार नाही, पण माणसांच्या पाठी, ओल्या छत्र्या आणि पोरांच्या चपला जिथवर पोहोचतात तिथवर डाग पोटात घालणारा रंग आणि त्याच्यावर उजेड परतवणारा रंग, ही तजवीज बिनतोड आहे. खेड्यातील घराच्या पांढऱ्या भिंतीखाली गेरूचा पट्टा ओढतात तोही पावसात उडणाऱ्या चिखलासाठी. स्वयंपाकघरात गुडघे, पाय, खरकटे हात आणि फरशी पुसताना उडणारे पाणी हे सारे ओट्याखाली घडते. वरच्या कपाटांना धूर आणि वाफ एवढाच उपद्रव. तेव्हा खाली गडद आणि वर फिकट, ही सरकारी वहिवाट आम्ही विनातक्रार उचलली.

स्वयंपाकघराच्या रंगामागे असे कामाचे कारण शोधणारे आम्ही पहिले नव्हेत. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी जे आटोपशीर स्वयंपाकघर आखले, आणि ज्याच्या सुमारे दहा हजार प्रती त्या शहरात बसवल्या गेल्या, त्यातील कपाटे निळसर हिरव्या रंगाची होती, कारण त्या रंगावर माशा बसत नाहीत असे संशोधकांचे मत तेव्हा सांगितले गेले होते. आजच्या ट्रॉल्यांची ती पणजी होय. माशांचे ते मत कितपत खरे, याविषयी मी साशंक आहे. परंतु रंगामागे शेजाऱ्याच्या घरापेक्षा बरे कारण असावे, ही दृष्टी मला मानवते.

आता पृष्ठभागाविषयी, कारण सगळे काम तिथेच बिघडते. रंगाऱ्याला मी विचारले की रंग द्यायला किती दिवस लागतील, तेव्हा तो म्हणाला, “काका, रंग काय, एका दुपारचं काम आहे. घासायलाच दोन दिवस जातात.” आमची वरची दारे प्लायवूडवर तैलरंग दिलेली, तर खालच्यांना बाहेरून सनमायका चिकटवलेला. सनमायका हे मुळात एका मालाचे व्यापारी नाव. राळेत भिजवलेले कागदाचे थर उष्णता व दाब देऊन घट्ट केले की तो पत्रा तयार होतो. अमेरिकेत १९१२ साली दोन अभियंत्यांनी विजेच्या कामातील अभ्रकाला पर्याय म्हणून असा पदार्थ शोधला, आणि अभ्रकाऐवजी वापरायचा म्हणून त्याचे नाव फॉर्मायका ठेवले. आपल्या सनमायक्यातले ‘मायका’ त्याच कुळातले. हा पत्रा पाणी पीत नाही, तेल पीत नाही, आणि म्हणूनच रंगही पीत नाही. त्यावर थेट ऑइल पेंट मारला तर महिनाभर झकास दिसतो आणि मग नखाने ओढताच सालीसारखा निघतो.

म्हणून दारे उतरवावीत, प्रत्येकाच्या बिजागरीखालच्या जागेत, जिथे रंग लागायचा नाही तिथे, पेन्सिलीने क्रमांक घालावा आणि स्क्रू त्या त्या क्रमांकाच्या पुडीत बांधावेत. हा कंटाळवाणा कारकुनी उपद्व्याप जो टाळतो त्याचे एकही दार नंतर नीट मिटत नाही. कढत पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून चिकटा संपूर्ण काढावा, कारण तेलावर रंग धरत नाही. मग स्वच्छ पाण्याने दोनदा पुसून वाळू द्यावे. सनमायक्याची तकाकी मरेपर्यंत काचपेपरने घासावे, आधी १५० क्रमांकाच्या आणि नंतर २२० च्या, आणि गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर दुकानात तसे स्पष्ट सांगून मागून घ्यावा. लाकडाचा नेहमीचा प्रायमर इथे उपयोगी नाही. प्रायमर दोन दिवस वाळल्यावर त्यावर चिकटपट्टी दाबून झटकन ओढावी. पट्टीबरोबर प्रायमर आला तर पुन्हा घासणे आले, आणि ते आताच बरे. सिंकखालची फळी ओल खाऊन फुगली असेल तर तिच्यावर लांबी भरून, रंग मारून काही साधत नाही. ती बदलावीच लागते.

ज्यांची दारे जुन्या तैलरंगाची आहेत त्यांना एक ताकीद द्यावीशी वाटते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आला; त्याआधीच्या रंगांत शिसे असण्याचा संभव धरूनच चालावे. असा रंग कोरडा घासू नये. पाणी लावून घासावे, तोंडाला मास्क बांधावा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांत दुसरीकडे पाठवावे, आणि खाली पडलेला गाळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. टर्पेंटाइन किंवा थिनर उघडायचे असेल तेव्हा स्वयंपाकघरातील गॅस बंद असलाच पाहिजे. दारे उतरवलेली असली की हे काम बाल्कनीत होते, हा त्या उतरवण्याचा आणखी एक फायदा.

तकाकीबाबत फार बोलण्यासारखे नाही. पूर्ण तकतकीत रंग पुसायला सोपा पण खालचा प्रत्येक खड्डा दाखवणारा, अगदी मॅट रंग खड्डे झाकणारा पण चिकटा धरून ठेवणारा. मधला, ज्याला दुकानात सॅटिन म्हणतात, तो घ्यावा.

मुहूर्ताविषयी मात्र लोकाचार चुकतो असे माझे मत आहे. पावसाळ्यात तैलरंग दिवसेन्दिवस चिकट राहतो म्हणून ते दिवस सोडतात ते योग्यच, पण नंतर दसरा-दिवाळीच्या दरम्यान सबंध शहर एकाच वेळी रंगाऱ्याच्या मागे लागते आणि त्याचा भावही आणि घाईही वाढते. दिवाळी उरकल्यावर हवा कोरडी असते आणि रंगारी मोकळा असतो. एका हातावर दुसरा देण्यापूर्वी रात्र जाऊ द्या म्हटले तर तो ऐकतो. आमचे काम मार्गशीर्षात झाले. वरून वाळलेला रंग आतून घट्ट व्हायला आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक लागतो, तोवर दारांना ओला फडका लावू नये, हा हुकूम घरात पाळला गेला नाही आणि एका दारावर त्याची खूण आहे.

खर्चाचा तपशील, कारण वाचकाचा पहिला प्रश्न तोच असणार. एकंदर चौदा दारे; पुढची बाजू, कडा आणि चौकट मिळून क्षेत्र साठ चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे दोन हातांचे एकशेवीस. एका लिटरमध्ये एका हाताला साधारण शंभर ते सव्वाशे चौरस फूट होतात; रंग दोन असल्याने आम्ही एक लिटर आणि अर्धा लिटर असे डबे घेतले आणि वाटीभर उरला. रंगाचे ७२० रुपये, प्रायमरचे ४८०, लांबीचे ९०, काचपेपरचे २४०, ब्रश व लहान रोलर ३१०, चौदा नव्या मुठी १,०५० आणि रंगाऱ्याची तीन दिवसांची मजुरी २,७००, एकूण ५,५९०. यात प्रत्यक्ष रंगाचा वाटा जेमतेम आठवा हिस्सा आहे, हे पाहिले म्हणजे हलका डबा घेऊन शंभर रुपये वाचवणे किती व्यर्थ, हे ध्यानी येते. आणि काटकसरच करायची तर ती मजुरीत, म्हणजे घासण्याचे काम स्वतः करून करता येते. मुठींवर एवढे कशाला, असे मला आधी वाटले होते. आता वाटत नाही; पाहुण्यांची नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

परीक्षेत टिकलेला तिसरा रंग वाळलेल्या कढीपत्त्याचा हिरवा होता. शेडकार्डावर त्याचे नाव काही भलतेच होते, परंतु डब्यात आठ दिवस राहिलेल्या कढीपत्त्याचे पान आणि ते दार शेजारी धरून पाहिले तेव्हा ओळख पटली. पिवळट टाइल्सशेजारी तो किंचित निळसर झुकतो आणि तो झुकाव आम्हाला रुचला. कडप्प्याच्या काळ्याशी त्याचे भांडण नाही, आणि स्टीलच्या भांड्यांची मांडणी त्याच्या बाजूला उजळ दिसते. वरच्या कपाटांना ताकाचा पांढरा, टाइल्सच्या पिवळेपणाला धरून असलेला. फळांच्या परड्यांवर इतकी वर्षे माझा राग होता. आता त्यांतली हिरवी द्राक्षे आमच्याच खालच्या दारांवरून तोडल्यासारखी दिसतात.

दारांची आतली बाजू खर्च वाचवण्यासाठी नुसती धुऊन तशीच ठेवायची ठरली होती. पण डब्यात रंग उरलेला पाहून रंगाऱ्याने सिलिंडरच्या दाराची आतली बाजूही करून देतो म्हटले आणि घासायला काचपेपर उचलला. त्या दाराच्या आतल्या तैलरंगावर, जो मूळचा पांढरा आणि आता तुपाच्या रंगाचा आहे, पेन्सिलीने तारखांचे चार स्तंभ आहेत. पहिल्या काही तारखा माझ्या आईच्या हातच्या, मोडी वळणाच्या ठसठशीत आकड्यांत. पुढच्या पत्नीच्या, आणि मध्ये कुठेतरी मुलीने शाळेत असताना लिहिलेल्या दोन, त्यांतला एक आकडा उलटा. सिलिंडर कधी लावला आणि किती दिवस पुरला, याचा तो हिशेब. “अहो, त्यांना म्हणावं एवढं राहू द्या,” असे पत्नी आतून म्हणाली, आणि रंगाऱ्याने काचपेपर खाली ठेवला. ते दार बाहेरून कढीपत्त्याचे आणि आतून तुपाचे असे बसवले आहे. चौथा स्तंभ खालच्या कडेला टेकत आला आहे. पाचव्यासाठी बिजागरीच्या बाजूला चार बोटे जागा निघेल.